बस थांबली नाही म्हणून चालकाशी भांडण : पुढे काय होतं?

हजेरी घेताना एकाच गावच्या पाच-सहा जागा रिकाम्या दिसल्या की आम्ही समजून जातो, आज बसचं काहीतरी झालं. मग अकराच्या सुमारास पोरं येतात, "सर, ड्रायव्हरशी भांडण झालं."

गेल्या पावसाळ्यात दहावीची दोन मुलं बसच्या दारात लटकली होती. चालकाने आत या म्हटलं, एकाने शिवी दिली, चालकाने बस बाजूला लावली. अर्धा तास बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी मुलांनी माफी मागितली आणि विषय मिटला. पण त्याच बसमधली आठवीची एक मुलगी नऊ दिवस शाळेत आली नाही. तिचे अब्बू म्हणाले, "रोजचा तमाशा नको, राहू द्या घरीच." आम्ही दोनदा घरी गेलो तेव्हा ती परत आली. तिच्या शेजारची मात्र आली नाही.

उर्दू माध्यमात पुढे शिकायचं तर आपल्या खेड्यांतल्या बहुतेक मुलींना शहर गाठावंच लागतं. अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. भांडण मुलं करतात, तालीम मुलींची सुटते.

मुलांचा राग खोटा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. फाट्यावर तासभर उभं राहायचं आणि बस समोरून निघून जायची, कोणालाही चीड येईल. मुलांना वाटतं, आपण पासवाले, पैसे देत नाही म्हणून थांबवत नाहीत. पण सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं, चालकाच्या खिशाचा त्यात संबंध नाही. खरी अडचण गर्दीची आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. योजना चांगल्याच आहेत, पण फेरी तीच असेल तर मागच्या गावातच बस भरते. फेऱ्या किती आणि कधी, हे चालक ठरवत नाही, आगार ठरवतं.

आता कायद्याचं. एसटीचे चालक-वाहक १९५० च्या कायद्याने लोकसेवक मानले जातात. कामावर असताना त्यांच्या अंगावर हात टाकला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दुखापत केली तर कलम १२१, पाच वर्षांपर्यंत. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पण बारावीतली कितीतरी मुलं अठरा पूर्ण केलेली असतात, हे पालक विसरतात. उलट बाजूही आहे : मुलांना मारायचा हक्क चालकालाही नाही. तसं घडलं तर पालकांनी पोलिसांत रीतसर तक्रार द्यावी, दहा जण घेऊन स्टँडवर जाऊ नये.

खासगी स्कूल बस किंवा व्हॅन असेल तर रस्ता वेगळा. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालक, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक त्यात असतात. आपल्या शाळेत ती कागदावर आहे की खरंच बसते, हे पालकांनी विचारावं. आम्हा शिक्षकांना अवघड वाटलं तरी विचारावं.

एसटीसाठी तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि फाटा वहीत लिहून ठेवा. एकट्या मुलाच्या तक्रारीपेक्षा शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र जास्त चालतं. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव आणि तळेगाव अशी पाच आगारं आहेत. पत्र आपल्या आगार व्यवस्थापकाला द्या, प्रत वर्ध्याच्या विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्यायला विसरू नका.

यंदा आम्ही शाळा सुरू व्हायच्या आधीच असं पत्र दिलं. सोबत कोणत्या फाट्यावरून किती मुलं-मुली चढतात त्याची यादी जोडली. ती यादी त्या दारात लटकणाऱ्या दोघांपैकी एकाकडूनच लिहून घेतली.