‘बग’मधले किडे आणि आपले गैरसमज

‘द एक्झॉर्सिस्ट’चे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांचा ‘बग’ मे २००७मध्ये अमेरिकेत झळकला आणि सिनेमास्कोरच्या पाहणीत सुरुवातीच्या प्रेक्षकांनी त्याला ‘एफ’ ही सर्वांत खालची श्रेणी दिली. तेवढ्यावरून तो टाकाऊ भयपट ठरला. हा पहिला गैरसमज. या पाहणीतून कलाकृतीचा दर्जा कळत नाही. प्रेक्षक जे बघायला आला ते त्याला मिळालं का, एवढंच कळतं. जाहिरातींनी किड्यांचा किळसवाणा भयपट विकला होता. पडद्यावर मात्र ट्रेसी लेट्स यांच्या नाटकावरून घेतलेलं, ओक्लाहोमातल्या मोटेलच्या खोलीत कोंडलेलं दोन माणसांचं नाट्य होतं. याच चित्रपटाला २००६मध्ये कान इथे ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला होता.

लष्कराने आपल्या अंगात किडे सोडलेत, असं पीटर (मायकेल शॅनन) सांगतो. मूल हरवलेली, मारकुट्या माजी नवऱ्याला भ्यालेली अ‍ॅग्नेस (अ‍ॅशली जड) ते मानू लागते. अंगात किडे असल्याच्या भ्रमाचा हा आजार लेखकाच्या डोक्यातून निघालेला नाही. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी १९३८मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रुग्ण पुरावा म्हणून कातडीचे कण, धागे काड्यापेटीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे येतात. कोकेन किंवा अ‍ॅम्फेटामाइनच्या नशेतही अंगावर किडे वळवळल्यासारखं वाटतं, त्यामुळे चित्रपटातल्या पात्रांची नशा उगाच आलेली नाही.

रुग्णाच्या घरच्यांची सगळ्यात जास्त फरफट करणारा समज म्हणजे ‘नीट समजावलं की डोक्यातून जाईल’. नाही जात. पुरावा समोर ठेवला तरी ढळत नाही, म्हणून तर त्याला भ्रम म्हणायचं. तपासणीत काही निघालं नाही की डॉक्टरच शत्रूंना सामील झालेत, असा अर्थ लागतो. वाद घातला की समोरचा शत्रूंच्या यादीत जातो; ‘हो, मलाही किडा दिसला’ म्हटलं की भ्रमाला साक्षीदार मिळतो. किड्यांबद्दल हुज्जत न घालता, झोप लागत नाही, खाज सुटते, भीती वाटते, या त्रासाबद्दल बोलावं आणि त्या वाटेने उपचारांकडे न्यावं. मनोविकारावरची औषधं अनेकांना लागू पडतात. ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून देवऋष्याकडे घालवलेले महिने मात्र आजाराला मुरू देतात.

मग अ‍ॅग्नेसला पीटरचा भ्रम ‘लागला’ कसा? भ्रम काही साथीसारखा पसरत नाही. पण जगापासून तुटून एकत्र राहणाऱ्या दोघांत एकाचा ठाम भ्रम दुसऱ्याने स्वीकारल्याची उदाहरणं लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७मध्येच मांडली होती. दोघांना वेगळं ठेवल्यावर दुसऱ्याचा भ्रम बऱ्याचदा ओसरतो, तरी त्यालाही उपचार लागू शकतात. अ‍ॅग्नेसचं एकटेपण जडने इतकं खरं केलंय की तिचं पीटरवर विसंबणं पटत जातं. चित्रपटाचा हा भाग अस्सल आहे.

मला निराश केलं ते शेवटाने. पीटरच्या हातून एका डॉक्टरचा खून, मग दोघांनी पेट्रोल ओतून स्वतःला पेटवून घेणं. नाट्य म्हणून हे जोरकस असेल, पण ‘भ्रम झालेला माणूस म्हणजे खुनी’ हा जुनाच समज त्याने पक्का होतो. वस्तुस्थिती अशी की गंभीर मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कुणावरही हात उचलत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण आणि फसवणूक सोसावी लागते. किड्यांचा भ्रम असलेला माणूस इजा करतो ती मुख्यतः स्वतःच्या कातडीला, नखांनी, चिमट्याने, कीटकनाशकाने.

घरात कुणी अंगात किडे असल्याचं सांगू लागलं तर आधी त्वचेची तपासणी करून घ्या, कारण कधीकधी खरूज खरीच असते. तपासणीत काही निघालं नाही आणि त्रास मात्र सुरूच राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.