बेरेनिकेतले मूग

काळ्या मिरीसाठी रोमन धनिक वाटेल ते मोजत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मूग? रोमन पंगतीत मुगाला कोण विचारणार? तरीही इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात मूग सापडले आहेत, शिवाय तांदूळ, नारळ आणि आवळाही. वाळवंटातल्या कोरड्या हवेने हे सगळे जपून ठेवले.

हे बंदर इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात वसवले आणि त्याला आईचे नाव दिले. टॉलेमीला हवे होते आफ्रिकेतले लढाऊ हत्ती. पुढे रोमन राज्य आले आणि मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन भारताकडून माल येऊ लागला. बंदरातून तो उंटांवर लादून नाईलकाठच्या कॉप्टोसला जाई. ही वाट बारा दिवसांची, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. पुढे होडीने अलेक्झांड्रिया, आणि मालावर 25 टक्के जकात. एवढे देऊनही व्यापारी खूश असत, यावरून नफ्याचा अंदाज करावा.

स्टीव्हन साइडबॉथम आणि विलेके वेंड्रिच यांनी 1994 मध्ये इथे उत्खनन सुरू केले. सेरापिस देवाच्या देवळात भारतीय बनावटीचा रांजण निघाला, त्यात साडेसात किलोंहून अधिक मिरी. घरांच्या बांधकामात सागवान मिळाले. मोडीत निघालेल्या जहाजांच्या फळ्या लोकांनी बहुधा भिंतींत वापरल्या असाव्यात. वाळवंटात लाकूड कोण टाकून देणार?

मिरी आणि सागवान यांचा उलगडा व्यापाराने होतो. मुगाचा मात्र होत नाही. तो विकायला नव्हे, रोजच्या जेवणाला आणला असावा, आणि तो शिजवून खाणारी माणसे भारतातलीच असणार. रोमन जहाजे भारतात येत आणि माल भरून परत जात, एवढीच गोष्ट आपण बराच काळ ऐकत आलो. तिच्यात बेरेनिकेत राहणाऱ्या भारतीयांना जागाच नव्हती.

2022 मध्ये इसिस देवीच्या देवळाच्या परिसरात बुद्धाची 71 सेंटिमीटर उंचीची मूर्ती मिळाली. संगमरवर भूमध्य समुद्राच्या बाजूचा, मस्तकाभोवती सूर्यकिरणांची प्रभा, शेजारी कमळ. म्हणजे ती भारतातून आणलेली नाही, तिकडेच कुणीतरी घडवून घेतली. त्याच देवळात संस्कृत मजकुराचा एक शिलालेख आहे, रोमन सम्राट फिलिप अरबच्या काळातला (इ.स. 244–249). दान देणारा स्वतःला क्षत्रिय म्हणवतो. आणि दोन नाणी सातवाहनांची, म्हणजे पैठणच्या राजवटीची!

दान देणे हे ये-जा करणाऱ्या पाहुण्याचे काम नव्हे. त्यासाठी त्या गावाशी काही नाते लागते. परक्या गावी दान देणारे असे दाते आपल्याकडेही आहेत: कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे कोरलेली आहेत, आणि जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी खोदून दिली आहेत.