चढावर जीप तापते, बॅटरीही उतरते? आधी पट्टा बघा

टाकवे बुद्रुक : आंदर मावळात वडेश्वर, खांडी भागातून रात्री-अपरात्री पेशंट खाली आणायचा तर अनेकदा गावातली जुनी डिझेल जीपच कामाला येते. ती चढावर तापून बंद पडली तर मोठी पंचाईत.

तापमानाचा काटा वर गेला आणि चार्जिंगचा लाल दिवाही लागला, तर आधी फॅनबेल्ट बघावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा एकच पट्टा वॉटर पंप, पंखा आणि अल्टरनेटर फिरवतो. गाडी लगेच उभी करा, इंजिन बंद करा. पट्टा अंगठ्याने साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर ताणून घ्या, चिरा असतील तर बदला.

पट्टा चांगला असूनही तापते? रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकला असेल, तो इंजिन गार झाल्यावर धुवा. गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबून मगच पाणी बघा.

मीटर लावला तर चांगली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. इंजिन चालू करूनही आकडा वाढत नसेल तर नवी बॅटरी घेण्याची घाई नको. आधी टर्मिनल घासा, मग अल्टरनेटर दाखवा.

गाडीत एक जादा पट्टा, पाने आणि पाण्याचा कॅन कायम असू द्या.