19 तास 55 मिनिटं

सकाळी 7.30
म्युन्स्टर, जर्मनी. पाऊस भुरभुरतोय. गावाला वळसा घालणाऱ्या झाडीच्या रस्त्यावर नुसत्या सायकली. जिच्यासोबत आजचा दिवस घालवायचा आहे, तिची सायकल जुनी, 90 युरोंना घेतलेली. मागचा ब्रेक परवाच बदलला, त्याचे 25 गेले. लाम्बर्टी चर्चच्या मनोऱ्यावर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले दिसतात. 1536 साली ॲनाबॅप्टिस्ट या बंडखोर ख्रिस्ती पंथाच्या पुढाऱ्यांना मारून त्यांची प्रेतं त्यांत ठेवली होती. मी मान वर करून बघत राहतो. ती रोजची, सरळ पुढे जाते.

नाव छापू नका म्हणाली. वय 31. प्रॉटेस्टंट पाळकाची मुलगी. नवा करार आणि सुरुवातीची ख्रिस्ती मंडळी हा अभ्यासाचा विषय. हिब्रू, ग्रीक, लॅटिन या तिन्ही परीक्षा दिल्या, तेव्हा कुठे पीएच.डी.चं दार उघडलं.

सकाळी 8.10
कुर्ट आलांड यांनी 1959 साली इथे नव्या कराराच्या पाठसंशोधनाची संस्था काढली. ती तिथेच काम करते. ग्रीक नव्या कराराची पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं नोंदली गेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या फिल्म किंवा छायाचित्रं इथे जमवलेली आहेत.

टेबलावर दोन पडदे. डावीकडे बाराव्या शतकातल्या एका पोथीचं पान, मत्तयाचं शुभवर्तमान. उजवीकडे छापील ग्रीक मजकूर आधीच भरलेला. पोथीत जिथे वेगळं असेल, तिथे उजवीकडे बदल करायचा. काम एवढंच. पण उजवीकडचा मजकूर पाठ असतो, आणि डोळा लबाडी करतो. जे पाठ आहे तेच त्याला डावीकडे दिसायला लागतं. म्हणून ती शब्द वाचतच नाही, अक्षरं वाचते. ओठ हलतात, आवाज नाही. प्लास्टिकची पट्टी पडद्याला लावून एकेक ओळ खाली सरकवते.

‘देव’ हा शब्द पोथीत पूर्ण लिहीत नाहीत. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, वर आडवी रेघ. तशीच नोंद करायची. कुणी शब्द खरवडून वर दुसरा लिहिला असेल, तर दोन्ही नोंदवायचे: मूळ हात आणि दुरुस्तीचा हात.

सकाळी 10.40
दोन पानं झाली. डोळ्यांत थेंब. एक बाटली 12 युरो, महिनाभर पुरते.

हेच पान आणखी कुणीतरी स्वतंत्रपणे उतरवतंय. दोघांची गाठ पडत नाही. नंतर संगणक दोन्ही नकला शेजारी ठेवून फरक काढतो, आणि तिसरा माणूस पुन्हा पोथी बघून निवाडा करतो. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तेव्हाही माणसं अशीच पोथ्या पडताळत बसली होती. 1919 ते 1966. तिला हे सांगितलं. तिनं काम थांबवून विचारलं, “किती पोथ्या? कोण बसायचं? पगार काय?” तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी 12.15
कँटीन. बटाटे, कोबी, सॉस: साडेतीन युरो. करार अर्ध्या जागेचा आहे. आठवड्याला 19 तास 55 मिनिटं. कापून हातात 1600 युरोंच्या आसपास पडतात. खोलीचं भाडं 480. पीएच.डी.च्या आधी अशा मुदतीच्या करारांवर फार तर सहा वर्षं काढता येतात, झाल्यावर आणखी सहा. तिची चार संपली. बरोबरीचे काही जण पाळक झाले. त्यांना कायमची नोकरी आहे, काहींना मंडळीचं घरही आहे. “मलाही बोलावतील,” ती म्हणते. “पण मग ही पानं कोण बघणार?”

दुपारी 1.30
इथून पुढचे तास बिनपगारी. प्रबंधाचे. विषय सिनाय कोडेक्स लिहिणारे हात. चौथ्या शतकातलं हे चामड्यावरचं बायबल टिशेनडॉर्फ या अभ्यासकानं सिनायच्या मठात पाहिलं. पुढे ते रशियात गेलं. 1933 साली सोव्हिएत सरकारनं त्यातला मोठा भाग ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. मिल्न आणि स्कीट या दोन अभ्यासकांनी 1938 साली त्यातले तीन लेखनिक वेगळे ओळखून दाखवले. आता पानं इंटरनेटवर आहेत. पानावर चार रकाने, रकान्यात 48 ओळी, शब्दांमध्ये जागा नाही.

ती मत्तय 5:19 उघडते. ‘स्वर्गाच्या राज्यात’ हे शब्द या वचनात दोनदा येतात. लेखनिकानं पहिल्यांदा ते लिहिले, दौतीकडे वळला असेल, परत आला तो दुसऱ्या ‘स्वर्गाच्या राज्यात’वर. मधलं अर्धं वचन गेलं. जो आज्ञा पाळील आणि शिकवील त्याला थोर म्हणतील, तेवढंच नेमकं. बेझा कोडेक्स या दुसऱ्या जुन्या पोथीत नजर आणखी पुढे घसरली. विसावं वचनही गेलं. मी बराच वेळ त्या जागेकडे बघत बसलो. मूळ हाताच्या ओळींत काही दिसत नाही. ओळ ओळीला लागून आहे, हात स्थिर आहे, शाई सारखी आहे. माणूस चुकला हे त्याला स्वतःला कळलंच नसणार.

दुपारी 3.20
तिच्या वहीत एक तक्ता आहे. डायोक्लेशियन बादशहाचा 301 सालचा दरांचा हुकूम. उत्तम अक्षरातल्या शंभर ओळींना 25 दिनार. दुय्यम अक्षराला 20. शेतमजुराला दिवसाचे 25, वर जेवण. ती पेन्सिलीनं हिशेब मांडते: एका पानाच्या 192 ओळी, उत्तम दरानं 48 दिनार. ओळी आखूड आहेत, दरातली ओळ लांब धरत, तेव्हा याहून बरंच कमी. हा हिशेब तिच्या प्रबंधात फक्त एका तळटीपेत जाणार आहे. मला तो पूर्ण प्रकरणाचा वाटतो, आणि तसं मी तिला बोललोही.

संध्याकाळी 5.05
ई-मेल. मागच्या आठवड्याच्या पानांची तुलना निवाड्यासकट आली. फरक अकरा. ती प्रत्येक जागी पोथी पुन्हा उघडते. सात ठिकाणी दुसऱ्याची चूक. चार तिच्या. त्यांतली एक गाळलेली ‘काय’, म्हणजे ‘आणि’. ती दुरुस्त करते, तारीख घालते. हे तास कुठल्याच तक्त्यात भरत नाही.

संध्याकाळी 6.30
स्वयंपाकघरातलं टेबल. ग्रीकच्या परीक्षेला बसणारा एक मुलगा शिकवणीला आलाय. तासाचे 20 युरो. प्रबंध छापल्याशिवाय डॉक्टरची पदवी लावता येत नाही, आणि छपाईला पैसे लागतात. त्यासाठी वेगळा डबा आहे.

मुलगा भराभर वाचतो. ती पट्टी पुढे करते. “बोट ठेव. अक्षर अक्षर.” तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. सव्वासातपर्यंत दहा ओळी होतात. गुरुवारी पुढच्या दहा.