स्लाइड मिटल्यावर उरतं किती?

अमेरिकेत विक्रीला लावलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, बघायला जा, तो पूर्ण उघडूनच ठेवलेला असतो. सोफा, जेवणाचं टेबल, कधी फ्रिजसकट भिंतीचा मोठा भाग कपाटाच्या खणासारखा दोन-तीन फूट बाहेर सरकलेला (हीच ‘स्लाइड’) आणि मधे ऐसपैस जागा. माहितीपत्रकातला नकाशाही असाच. ही जागा आपल्याला कायम मिळणार, हा पहिला गैरसमज इथेच रुजतो.

रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद ट्रेलर चालत नाही, त्यामुळे प्रवासात स्लाइड आत घ्यावीच लागते आणि ती नेमकी मधली वाट अडवते. दुपारी रेस्ट एरियात पोरांना शू लागली, फ्रिजमधलं दही काढायचं आहे, किंवा वॉलमार्टच्या आवारात एक रात्र काढायची आहे (तिथे स्लाइड उघडून पसरणं शिष्टसंमत नाही), अशा वेळी घर मिटलेलंच असतं. म्हणून विक्रेत्याला स्लाइड बंद करायला लावा आणि मग आत शिरा. बाथरूमचं दार उघडतं का? फ्रिजचं? पलंगापर्यंत पोचता येतं का? विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू दे. या परीक्षेत नापास झालेला नकाशा कितीही देखणा असला तरी माझ्या मते सोडून द्यावा.

स्लाइड जितक्या जास्त तितकं उत्तम, असंही मानतात. पण प्रत्येक स्लाइडबरोबर मोटर, यंत्रणा आणि शेकडो पौंड वजन येतं, शिवाय भिंतीला एक मोठं भगदाड. तिथली रबरी सील नीट राखली नाही तर पाणी झिरपतं, थंडी शिरते. स्लाइडच्या छपरावरचा पालापाचोळा न झाडता ती आत ओढली की कचरा घरात आणि सीलचं नुकसान. आणखी एक: दार आणि बाहेर उघडणारं सावलीचं कापडी छत उजवीकडे असल्यामुळे मोठी स्लाइड बहुधा डावीकडे असते, आणि कॅम्पसाइटवरचा विजेचा खांबही त्याच बाजूला. खाली उतरून अंतर बघितल्याशिवाय बटण दाबू नये. स्लाइड नाही म्हणजे स्वस्तातला माल, असंही नव्हे. एअरस्ट्रीमच्या चकचकीत, महागड्या ट्रेलरांना सहसा स्लाइड नसतेच.

खरी फसगत वजनात होते. ‘आमचा पिकअप दहा हजार पौंड ओढतो आणि ट्रेलर तर सहा हजारांचाच’ हे गणित अर्धवट आहे. ते सहा हजार म्हणजे कोरडं वजन, त्यात पाणी, भांडीकुंडी, कपडे काहीच धरलेलं नसतं. नुसतं 40 गॅलन पाणी भरलं की 330 पौंड वाढतात. त्यामुळे हिशेब ट्रेलरच्या कमाल भारित वजनावर करावा. समजा ते 7,500 पौंड आहे. त्यातला 10 ते 15 टक्के भार हिचवरून, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावरून, थेट पिकअपच्या पाठीवर येतो. 13 टक्के धरले तर 975 पौंड. पिकअपच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे पिकअपला पाठीवर पेलता येणारं वजन, 1,500 पौंड असेल, तर उरले 525. त्यात चालकासकट सगळी माणसं, मागच्या हौद्यातलं सामान आणि खुद्द हिचचं वजन बसवायचं. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हे 525 पौंड माणसांतच संपतात. ओढायची ताकद शिल्लक असते, पेलायची संपलेली असते.

मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी, हा समजही महागात पडतो. हिचपासून मागच्या बंपरपर्यंत मोजलं तर तीन-चार फूट जास्त निघू शकतात, आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या, आखूड कॅम्पसाइटवर तेवढेच फूट नडतात.

बॅटरी उतरली की स्लाइड बाहेरच अडकली, असं धरून बसायचंही कारण नाही. बहुतेक स्लाइड हाताने आत घेण्याची सोय असते. कुठे बोल्टवर पाना चालवावा लागतो, कुठे मोटर सोडवून स्लाइड ढकलावी लागते. आपल्या ट्रेलरमध्ये जी सोय असेल, ती पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून करून दाखवून घ्या आणि मग त्याच्यासमोरच एकदा स्वतः करा.