कळलावी (लांगली) : लोकवापर आणि वैद्यांची जबाबदारी

श्रावण लागला की आंबिवली-टिटवाळा परिसरातील कुंपणांवर व टेकड्यांच्या उतारावर पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुले दिसू लागतात. हीच कळलावी, संस्कृतमध्ये लांगली, अग्निशिखा, कलिहारी. पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते आणि त्याच्या आधाराने वेल चढते. कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून लांगली हे नाव. पावसाळा सरला की वरचा भाग सुकतो, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो.

मराठीत ‘कळ’ म्हणजे भांडण आणि ‘कळ’ म्हणजे वेदनाही. ही वेल घरात आणल्यास कलह लागतो, असा समज आहे. दुसरीकडे, प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप नाभी, ओटीपोट व तळपायांवर लावण्याची आणि प्रसूती होताच तो पुसून टाकण्याची सुइणींची रीत होती. अडकलेली वार पडावी म्हणूनही हा लेप लावीत. ग्रंथकारांनी हिला ‘गर्भपातिनी’ म्हटले आहे. कटु-तिक्त, तीक्ष्ण, उष्ण, सारक व कृमिघ्न असे तिचे गुण सांगितले आहेत. अर्शावरील कासीसादि तैलात लांगली आहे.

परंतु लांगलीची गणना सात उपविषांत होते, हे विसरता येणार नाही. कंद व बिया यांत कोल्चिसीन हे अल्कलॉइड असते. ते पेशीविभाजन रोखते. म्हणून ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्या आतडे, अस्थिमज्जा व केसांच्या मुळांवर प्रथम आघात होतो. पोटात गेल्यावर काही तासांनी वांत्या व जुलाब सुरू होतात. पुढे एक-दोन दिवसांत रक्तदाब घसरणे, मूत्रपिंड निकामी होणे, रक्तपेशी घटणे हे उपद्रव दिसतात. वाचलेल्या रुग्णाचे केस पुढे गळतात. सुरुवातीची लक्षणे साध्या अतिसारासारखी असल्याने फसगत होते. अशा रुग्णाला घरगुती उपायांत न अडकवता तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे आणि कंदाचा उरलेला तुकडा सोबत द्यावा.

औषधी दुकानदारांनी नावांच्या गोंधळाकडेही लक्ष द्यावे. मराठीत हिला ‘खड्यानाग’, तर गुजरातीत ‘दूधियो वछनाग’ म्हणतात. वत्सनाभ मात्र वेगळा. त्याचे विष हृदयावर त्वरेने परिणाम करते. केवळ बोलीनावावर माल घेऊ नये. कंदाची ओळख पटवूनच घ्यावा.

गोमूत्रात एक दिवस भिजवून, धुऊन वाळविणे हे लांगलीचे शास्त्रोक्त शोधन. शोधनाने तीक्ष्णता कमी होते, विष निर्विष होत नाही. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये लांगलीचा समावेश आहे. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

सुइणींचा अनुभव हिणवण्याचे कारण नाही. त्यांनी हे द्रव्य बाहेरूनच वापरले आणि काम होताच पुसले, यात विषाची जाण होती. तथापि, वार अडकणे म्हणजे रक्तस्रावाने जीव जाण्याचा धोका. तेथे लेपाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सुट्या कंदाची मागणी करणाऱ्याला नकार देणे व त्याचे कारण समजावून सांगणे, हेही वैद्यकर्मच होय.