पेंडीतले प्रथिन आणि निवडणारे हात

भुईमुगाच्या दाण्यांचे तेल काढले की मागे पेंड उरते, आणि पेंड म्हणजे ढोरांचे खाणे, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. तेलगिरण्यांतील कामगारांच्या संघटनेत आमची पंचवीस वर्षे गेली. आमचीही समजूत तीच होती. गिरणीच्या फाटकातून पेंडीची पोती गोठ्यांकडे जाताना आम्ही रोज पाहत होतो. त्या पोत्यांतून काय जाते हे कळायला आम्हांला चाळिशी ओलांडावी लागली. कारण शाळा सातवीत सुटली, आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले.

हिशेब सोपा आहे. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिन असते. तेल निघून जाते, प्रथिन मागे राहते. म्हणून चांगल्या पेंडीत शेकडा ४५ ते ५० प्रथिन सापडते. आपल्या तूरडाळीत ते शेकडा २२च्या आसपास असते. मग ही पेंड माणसाने का खाऊ नये? एक अडचण अशी की, एक्स्पेलरच्या दाबाने आणि उष्णतेने ती भाजून निघते. प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट होतात, पाण्यात विरघळेनाशा होतात. अशा पेंडीचे पीठ पाण्यात कालवले तर गाळासारखे तळाशी बसते. म्हैसूरला १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगाच्या प्रथिनावर पुष्कळ काम केले. ते प्रथिन वेगळे काढून दुधात मिसळायचे व दूध वाढवायचे, ही ‘मिल्टोन’ची कृती तिथलीच.

येथे एंझाइमे उपयोगी पडतात. मराठीत त्यांना विकर म्हणतात. नाव अवघड वाटले तरी वस्तू घरचीच आहे. मटण निबर निघाले की आपल्या घरची बाई त्यात कच्च्या पपईची फोड टाकते. पपईच्या चिकात पपेन नावाचा विकर असतो. तो मटणातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या कातरीसारख्या तोडतो. पेंडीचेही तेच करायचे. तेल पुरते काढलेले पीठ भरपूर पाण्यात कालवून कोमट ठेवायचे, त्यात विकर सोडायचा, तास-दोन तास ढवळायचे, आणि मग उकळीच्या जवळ तापवून तो निकामी करायचा. नाहीतर तो थांबतच नाही! शेवटी पातळ भाग गाळून वाळवायचा.

किती तोडायचे, यातच खरी खुबी आहे. थोडे तोडले तर प्रथिनाला चांगला फेस येतो, तेल आणि पाणी त्याच्या आधाराने एकजीव राहते. बेकरीवाल्याला असले पीठ हवे असते. फार तोडले तर ते आंबट सरबतातही विरघळते, पण चवीला कडू होते. साखळीच्या आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात, त्यांचा हा कडवटपणा. त्यावर तुकड्यांची टोके एकेक करून खुडणारा दुसरा विकर वापरतात. जपानी लोक ज्या बुरशीने सोयाबीनचे सॉस आंबवतात, त्या अ‍ॅस्परजिलस ओरायझीपासून तो मिळतो. ज्यांना भुईमूग बाधतो त्यांनी मात्र साखळ्या तुटल्या म्हणून हे पीठ निर्धोक समजू नये.

याच बुरशीची एक सख्खी बहीण आहे, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. आणि आमचे खरे भांडण तिच्याशी आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. ओलसर दाण्यांवर ही बुरशी चढते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष करते. यकृताचा कर्करोग होतो तो याने. तेल काढताना यातले बहुतेक विष पेंडीत राहते. स्वयंपाकाच्या आचेने ते जात नाही, आणि प्रथिन तोडणारा विकर त्याला शिवतही नाही, कारण ते प्रथिन नव्हेच. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांना किलोमागे अवघ्या ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमाचा दहा लाखावा भाग!

तेव्हा पेंड माणसाच्या ताटात यायची तर दाणे आधी निवडले पाहिजेत. सुरकुतलेला, काळपट, डागाळलेला दाणा डोळ्यांनी ओळखून काढायचा. मोठ्या कारखान्यांत आता यंत्राचा डोळा आला आहे. बाकी ठिकाणी हे काम बायका करतात. आमच्या भागातल्या एका कारखान्यात त्यांना निवडलेल्या मालावर किलोमागे मजुरी होती. म्हणजे वाईट दाणा जितका कमी काढावा तितके किलो जास्त, पैसे जास्त. मग दोष बाईच्या डोळ्यांचा की दराचा? शिवाय काढलेला वाईट दाणा फेकला जात नव्हता. त्याची पोती भरून तेल काढायला शेजारच्या गिरणीत जात, आणि सारे विष तिथल्या पेंडीत एकवटे.

आम्ही मालकापुढे दोन मागण्या ठेवल्या: निवडणाऱ्या बायकांना किलोवर नव्हे, रोजावर मजुरी; आणि काढलेल्या दाण्याचे पोते खाण्याच्या मालापासून वेगळे राहील असा लेखी ठराव. सात महिन्यांनी पहिली मान्य झाली. दुसरीवर मालक म्हणाले, पोते कोठे जाते हा संघटनेचा विषय नाही. पुढच्या कराराच्या मसुद्यात ते कलम आम्ही सर्वांत वर घातले आहे.